के१०टेम्प: दाखवलेला आकडा मागे घेताना

२९ मार्च २०२० ला लिनक्स कर्नलची, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याची, ५.६ आवृत्ती आली. देशात लॉकडाऊन लागून चार दिवस झाले होते, वेळ हाताशी होता, म्हणून मी ती एएमडीचा रायझन प्रोसेसर असलेल्या घरच्या मशीनवर लगेच बिल्ड करून बघितली. टर्मिनलवर ‘सेन्सर्स’ टाइप केलं आणि नेहमीच्या तापमानाच्या जोडीला चार नव्या ओळी दिसल्या: व्हीकोर, व्हीसॉक, आयकोर, आयसॉक. प्रोसेसरच्या कोअरना आणि त्याच्या एसओसी (कोअरबाहेरच्या) भागाला किती व्होल्टेज मिळतंय, किती करंट जातोय, हे सगळं आता बाहेरून काही इन्स्टॉल न करता कर्नलच सांगत होता, त्यातल्या के१०टेम्प नावाच्या ड्रायव्हरमार्फत, म्हणजे हार्डवेअरशी बोलणाऱ्या कोडमार्फत.

१४ फेब्रुवारी २०२१ ला ५.११ आली आणि त्या चारही ओळी गेल्या. काही बिघडलं नव्हतं. त्या मुद्दाम काढल्या होत्या, आणि ज्याने घातल्या त्यानेच काढल्या होत्या: गुंटर रोएक, कर्नलच्या हार्डवेअर मॉनिटरिंग विभागाचा मेंटेनर. मेंटेनर म्हणजे फक्त कोड वाढवत नेणारा माणूस, अशी समजूत असलेल्यांना हे प्रकरण मी आवर्जून सांगतो.

मुळात नियम काय आहेत

हा विभाग एचडब्ल्यूमॉन नावाने ओळखला जातो. त्याची रचना अगदी साधी आहे: एक फाइल, एक आकडा. ‘टेम्प१_इनपुट’ उघडली की ४६२५० असा आकडा मिळतो, म्हणजे ४६.२५ अंश सेल्सियस. तापमान मिलिअंशात, व्होल्टेज मिलिव्होल्टमध्ये, करंट मिलिअँपमध्ये, पॉवर मायक्रोवॉटमध्ये, ऊर्जा मायक्रोज्यूलमध्ये. ही फाइल कुठल्याही साध्या युजरला वाचता यावी, त्यासाठी रूट, म्हणजे सर्वाधिकार असलेलं खातं, लागू नये, अशी अपेक्षा असते. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसरा नियम नवख्यांना हमखास गोंधळात टाकतो. ड्रायव्हरने चिपच्या पिनवर जे आहे तेच सांगायचं. बोर्डवर रेझिस्टर लावून व्होल्टेज खाली आणलं असेल, तर त्याचा गुणाकार ‘सेन्सर्स३.कॉन्फ’ या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये करायचा, कर्नलमध्ये नाही. मी एम्बेडेड बोर्डांचं काम करतो. एकदा एका बोर्डवर १२ व्होल्टची लाइन बरोब्बर २ व्होल्ट दाखवत होती. १० किलोओहम आणि २ किलोओहमची जोडी, म्हणजे सहाने गुणायचं, एवढीच गोष्ट. पण सर्किटचा कागद मिळेपर्यंत अर्धा दिवस गेला, आणि तोवर सगळे चिपलाच दोष देत होते.

तिसरी अट म्हणजे डॉक्युमेंटेशन. प्रत्येक ड्रायव्हरसोबत कर्नलच्या डॉक्युमेंटेशनमध्ये त्याची स्वतःची एक फाइल असावी लागते. पूर्वी त्या साध्या टेक्स्ट फाइल होत्या, २०१९ मध्ये त्यांचं रूपांतर झालं आणि आता त्या सगळ्यांच्या एकत्र पुस्तकात दिसतात. साचा ठरलेला आहे: कुठल्या चिप चालतात, लेखक कोण, वर्णन, आणि ‘डेटाशीट’, म्हणजे चिप बनवणाऱ्याने दिलेल्या तांत्रिक माहितीची, एक ओळ. ही डेटाशीटची ओळ म्हणजे उपचार, असं मला बरीच वर्षं वाटत होतं. के१०टेम्पचं सगळं प्रकरण त्या ओळीपाशीच अडलं.

आधीचा इतिहास, म्हणजे तापमान

के१०टेम्प हा एएमडी प्रोसेसरचं तापमान दाखवणारा ड्रायव्हर. २००९ मध्ये क्लेमेन्स लाडिश यांनी लिहिला. तेव्हा एएमडी आपल्या प्रोसेसरसाठी जाडजूड गाइड प्रसिद्ध करत असे. बायोस आणि कर्नल लिहिणाऱ्यांसाठीची ती पुस्तकं, रजिस्टर न् रजिस्टर समजावून सांगणारी. ड्रायव्हरच्या डॉक्युमेंटेशनमध्ये त्या पीडीएफची यादी आहे.

त्यात एक फार प्रामाणिक गोष्टही लिहिली आहे. हा ड्रायव्हर जो आकडा दाखवतो तो ‘टीकंट्रोल’, आणि एएमडीच्याच शब्दांत सांगायचं तर ते खरं तापमान नव्हेच. पंख्याला किती जोरात फिरायचं हे कळावं म्हणून बनवलेली ती एक मनमानी मोजपट्टी आहे. वरची मर्यादा ७० धरलेली, तेव्हा साधारण ६० च्या खाली ठेवा, असा ठोकताळाही दिला आहे. शिवाय काही जुन्या सॉकेटवरच्या प्रोसेसरांत सेन्सरच बेभरवशाचा निघाला, त्याची नोंद एएमडीच्या त्रुटींच्या यादीत ३१९ क्रमांकाने आहे. अशा मशीनवर हा ड्रायव्हर लोड व्हायलाच नकार देतो. जबरदस्तीने लोड करायचा तर ‘फोर्स=१’ असं स्वतः लिहून द्यावं लागतं, म्हणजे पुढचं तुमचं तुम्ही बघा.

चुकीचा आकडा दाखवण्यापेक्षा काहीच न दाखवणं बरं, ही भूमिका तेव्हापासूनची आहे.

मार्च २०१७ मध्ये रायझन आला आणि मोजपट्टीचा घोळ सामान्य लोकांपर्यंत पोचला. १८००एक्स आणि १७००एक्सवर टीकंट्रोल खऱ्या तापमानापेक्षा २० अंशांनी जास्त ठेवलेला होता. वेगवेगळ्या मॉडेलांवर पंख्याचं वागणं सारखं राहावं म्हणून, असं एएमडीने जाहीर सांगितलं. थंड बसलेला प्रोसेसर साठीच्या पलीकडचा आकडा दाखवी आणि लोक नवा कूलर शोधायला लागत.

यावर ड्रायव्हरने काय केलं हे कोडमध्ये बघण्यासारखं आहे. प्रोसेसरचं नाव, म्हणजे अक्षरशः नावाची स्ट्रिंग, एका छोट्या टेबलशी ताडून बघायची. १६००एक्स, १७००एक्स, १८००एक्स सापडलं तर २० वजा करा. २७००एक्स असेल तर १०. पहिल्या दोन पिढ्यांचा थ्रेडरिपर (रायझनचा मोठा भाऊ) असेल तर २७. हार्डवेअरला विचारून हे कळत नाही, म्हणून नाव वाचायचं! हे कोणालाच सुंदर वाटणार नाही. पण वजाबाकीचा आकडा कुठून आला याला आधार होता आणि यादी छोटी होती, त्यामुळे निभावलं.

नंतर टीकंट्रोल आणि वजाबाकी केलेला टीडाय असे दोन्ही दाखवायला सुरुवात झाली, पण क्रम उलटा पडला: टीडाय पहिला, टीकंट्रोल दुसरा. जुन्या प्रोसेसरांवर पहिला नंबर टीकंट्रोलचा असे. ५.६ मध्ये रोएक यांनी हा क्रम फिरवला आणि पॅचच्या (कोडमधल्या बदलाच्या) वर्णनात जाता जाता नोंदवलं की योगायोगाने यामुळे कोड आता डॉक्युमेंटेशनशी जुळतो. डॉक्युमेंटेशनमध्ये पहिल्यापासून टीकंट्रोल हाच टेम्प१ असं लिहिलेलं होतं. मधला काही काळ कागद बरोबर आणि कोड चुकीचा, अशी स्थिती होती. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी नेमकं याच्या उलट असतं.

ते चार आकडे

आता मूळ गोष्ट. झेन घराण्यातल्या, म्हणजे रायझन आणि त्याच्या भावंडांच्या, प्रोसेसरांच्या आत एक व्यवस्थापन नेटवर्क असतं, त्यातून आतली रजिस्टरं वाचता येतात. तापमान तिथूनच येतं. त्याच परिसरात, बोर्डवरच्या व्होल्टेज रेग्युलेटरने प्रोसेसरला कळवलेली टेलिमेट्रीही (व्होल्टेज आणि करंटचे आकडे) पडलेली असते. एका रजिस्टरमध्ये कोअरची, दुसऱ्यात एसओसीची. तापमान वाचायची वाट तयारच होती, आणखी दोन रजिस्टरं वाचणं म्हणजे काही ओळींचं काम. एवढं जवळ असल्यावर मोह न होणारा प्रोग्रामर विरळाच.

ते कसं वाचायचं ते एकदा हाताने करून बघू. रजिस्टरचा एक बाइट व्होल्टेजचा कोड असतो. सूत्र: १५५० मिलिव्होल्टमधून कोड गुणिले ६.२५ वजा करा. कोड ८० असेल तर ५०० वजा होतात, उरले १०५० मिलिव्होल्ट. शेवटचा बाइट करंटचा. तो ४२ असेल आणि एका पायरीला १ अँप धरला तर ४२ अँप. गुणाकार केला की ४४ वॉट. छान वाटतं.

आता कोड शून्य ठेवून बघा. १५५० वजा शून्य, म्हणजे १.५५ व्होल्ट. थोडक्यात, ड्रायव्हरने चुकीच्या पत्त्यावर वाचलं आणि तिथे काहीच नसेल, तर या सूत्रातून सर्वांत मोठा आकडा बाहेर पडतो. तापमान चुकीच्या जागी वाचलं आणि शून्य मिळालं तर माणूस हसतो आणि सोडून देतो. इथे मात्र ‘काहीच नाही’ याचं भाषांतर ‘धोका’ असं होतं. त्यातून रायझन एका कोअरवर बूस्ट होताना १.४ व्होल्टच्या वर जाणं नेहमीचंच, त्यामुळे १.५५ हा आकडा चटकन खोटाही वाटत नाही.

आणि पत्ते बदलत होते. पहिल्या रायझनमध्ये कोअरची टेलिमेट्री एका जागी, झेन २ च्या काही मॉडेलांत दुसऱ्या. ५.६ च्या पॅचमध्येच रोएक यांनी लिहिलं होतं की थ्रेडरिपर आणि सर्व्हरसाठीचे एपिक प्रोसेसर काहीतरी वेगळी पद्धत वापरताना दिसतात, म्हणून सध्या फक्त रायझन. हे ‘दिसतात’ फार बोलकं आहे. डेटाशीट हातात असली की माणूस ‘वापरतात’ लिहितो.

करंटची अडचण त्याहून खोल होती. एका पायरीला किती अँप, हे प्रोसेसर ठरवत नाही. ते बोर्डवरच्या रेग्युलेटरच्या जुळणीवर अवलंबून असतं. कोअरसाठी १ अँप आणि एसओसीसाठी पाव अँप हे ड्रायव्हरने धरलेले आकडे. पुढे झेन २ साठी एसओसीचा ०.३१ झाला. समजा एखाद्या बोर्डवर खरी पायरी ०.६ अँपची असेल, तर वरचे ४२ अँप प्रत्यक्षात २५ होतात आणि ४४ वॉटचे २६ वॉट. कॅलिब्रेशनची माहिती हार्डवेअरमध्ये असते, पण ती कुठे आणि कशी वाचायची हेही जाहीर नव्हतं.

याच सुमारास, जून २०२० मध्ये, विंडोजवरच्या एचडब्ल्यूइन्फो या टूलच्या लेखकाने एक वेगळंच दाखवून दिलं: काही मदरबोर्डांवर प्रोसेसरला कळवला जाणारा करंट खऱ्यापेक्षा कमी ठेवलेला असतो, म्हणजे प्रोसेसर आपण कमी वीज खातोय असं समजून जास्त पळतो. हा फरक मोजायची सोयच त्यांनी टूलमध्ये घातली. म्हणजे प्रोसेसरचं स्वतःचं रजिस्टर अगदी बरोबर वाचलं, तरी त्यात बोर्डाने सांगितलेली गोष्ट असते. ती खरी असेलच असं नाही.

मी तेव्हा भिंतीच्या सॉकेटला लावायचा पॉवर मीटर आणला आणि मशीन पूर्ण लोडवर नेऊन दोन्ही आकडे शेजारी लिहीत बसलो. पॉवर सप्लायचा तोटा, पंखे, डिस्क वजा करून माझ्या बोर्डसाठी करंटचा गुणक ०.७ च्या आसपास निघाला. तो मी ‘सेन्सर्स३.कॉन्फ’मध्ये लिहून टाकला आणि खूश झालो. पण मला मीटर लावता आला. ज्याने नुसतं ‘सेन्सर्स’ टाइप केलं त्याला कोण सांगणार? आणि माझा ०.७ तरी किती खरा, देव जाणे.

काढण्याचा निर्णय

तक्रारी येत राहिल्या. नवा प्रोसेसर आला की नवे पत्ते, नवे गुणक, आणि त्यासाठी लोकांनी पाठवलेल्या आकड्यांवरून अंदाज. शेवटी रोएक यांनी जो पॅच लिहिला त्याचं वर्णन कोरडं आहे. आशय असा: व्होल्टेज आणि करंट मिळवण्याची पद्धत कुठे लिहिलेली नाही, ती प्रोसेसरागणिक बदलते, कच्चा आकडा कॅलिब्रेट केलेला नाही, कॅलिब्रेशनची माहिती आहे पण तीही कागदावर नाही. त्यामुळे लोकांना धड अनुभव मिळत नाही. मर्यादेबाहेरचे व्होल्टेज बघून हा ड्रायव्हर लोड केल्याने हार्डवेअरच बिघडेल की काय, अशा शंका येतात. हे सांभाळण्याजोगं नाही, म्हणून काढत आहे.

रजिस्टर नुसतं वाचल्याने व्होल्टेज वाढत नाही, ही शंका तांत्रिकदृष्ट्या निराधार होती. पण शंका घेणाऱ्याला हसण्यात अर्थ नाही. कर्नलच सांगतोय १.५५ व्होल्ट, तर त्याने काय समजायचं?

मधले मार्ग होते का? होते. एक म्हणजे लेबलवर ‘कच्चा आकडा’ असं लिहायचं. पण लेबल टर्मिनलवर दिसतं, पॅनेलमधल्या विजेटवर नाही. आणि वॉटचा आलेख काढणारा प्रोग्राम गुणाकार करताना लेबल वाचत बसत नाही. दुसरा, ‘फोर्स=१’ सारखा स्विच. तो मला सुरुवातीला पटला होता. पण जुन्या सेन्सरची त्रुटी एकदाच ठरलेली, यादी बंद झालेली गोष्ट होती. इथे दर पिढीला नवं टेबल लिहावं लागणार होतं, स्विच असो वा नसो. तिसरा, कच्ची रजिस्टरं फक्त डीबगिंगच्या फाइलींतून दाखवणं. ती सोय ५.६ मध्ये होतीही. तीही टिकली नाही.

एक आक्षेप मात्र वजनदार होता. युजरचं चालतं सॉफ्टवेअर मोडायचं नाही, हा कर्नलचा सगळ्यांत जुना दंडक. आज असलेली फाइल उद्या नाही, म्हणजे ती वाचणाऱ्या स्क्रिप्ट पडणार. माझं मत असं की एचडब्ल्यूमॉनमध्ये फाइल असेलच असं कधीच गृहीत धरायचं नसतं. दर मशीनवर संच वेगळा असतो, आणि नीट लिहिलेला प्रोग्राम जे सापडेल ते दाखवतो. तरी दहा महिने दाखवून मग काढणं हे कडूच. सुरुवातीलाच घालायला नको होतं असं म्हणणं सोपं आहे, पण २०२० च्या जानेवारीत ते कोणी म्हटलं असतं तर मी त्याला खडूस म्हटलं असतं.

दुसरा ड्रायव्हर, उलटं कारण

याच काळात शेजारी एक वेगळा प्रकार घडत होता, आणि तो बाजूला ठेवला तर रोएक यांचा निर्णय नुसता ‘कागद नाही म्हणून’ असा वाटेल.

ऑगस्ट २०२० मध्ये ५.८ मधून ‘एएमडी_एनर्जी’ नावाचा ड्रायव्हर आला. तो एएमडीच्याच इंजिनिअरने लिहिलेला. रजिस्टर जाहीर, एकक जाहीर. तो क्षणाची पॉवर सांगत नसे. महावितरणच्या मीटरसारखा वाढत जाणारा आकडा देई. आजचं रीडिंग वजा कालचं रीडिंग, झालं. एक पायरी म्हणजे एक ज्यूल भागिले ६५,५३६, सुमारे १५.३ मायक्रोज्यूल. मूळ काउंटर ३२ बिटांचा, म्हणजे ६५,५३६ ज्यूलनंतर पुन्हा शून्यावर. १०० वॉट खाणारा प्रोसेसर अकरा मिनिटांत मीटर फिरवून टाकतो, म्हणून ड्रायव्हर स्वतः अधूनमधून वाचून ६४ बिटांची बेरीज ठेवायचा. नीटस काम होतं.

१० नोव्हेंबर २०२० ला ग्राझ तंत्रविद्यापीठ, बर्मिंगहॅम विद्यापीठ आणि सिस्पा ही जर्मन सुरक्षा-संशोधन संस्था यांच्या संशोधकांनी प्लॅटिपस नावाचा हल्ला जाहीर केला. ऊर्जेचा आकडा पुरेसा बारीक आणि पुरेशा वेगाने वाचता आला, तर प्रोसेसर आत कुठल्या सूचना चालवतोय याचा माग काढता येतो, अगदी गुप्त किल्ल्यांपर्यंत. एएमडीच्या या ड्रायव्हरलाही त्यात सीव्हीई-२०२०-१२९१२ हा सुरक्षा-त्रुटींच्या जाहीर यादीतला क्रमांक मिळाला. उपाय म्हणून फाइल साध्या युजरला वाचायला बंद केली.

आणि इथे सुरुवातीचा तो नियम आडवा आला. साध्या युजरला वाचता येत नसेल तर ती हार्डवेअर मॉनिटरिंगची फाइल कशाची? वाचनावर मर्यादा घालून आणि त्यात थोडी यादृच्छिकता मिसळून वाट काढायचा प्रयत्न झाला. एएमडीला तो मान्य झाला नाही. मग २७ जून २०२१ च्या ५.१३ मध्ये तो अख्खा ड्रायव्हरच काढून टाकण्यात आला. के१०टेम्पचे आकडे चुकीचे असू शकत होते म्हणून गेले, हे फार अचूक होते म्हणून. ऊर्जेचा काउंटर कर्नलच्या पॉवरकॅप विभागातून आजही मिळतो, पण रूटलाच.

तापमान मात्र के१०टेम्पमध्ये शाबूत राहिलं. झेन ३ साठी तापमानाची बाजू ५.१० मध्येच आली होती, आणि त्यानंतरच्या पिढ्यांचे आयडी घालणारे पॅच एएमडीचे इंजिनिअर स्वतः पाठवताना दिसतात. व्होल्टेज हवंच असेल त्यांच्यासाठी झेनपॉवरसारखं कर्नलबाहेरचं मॉड्यूल आहे. ते लावणाऱ्याला आपण काय लावतोय हे ठाऊक असतं, आणि बिघाडाची तक्रार कर्नलच्या मेंटेनरकडे येत नाही.

माझ्या मशीनवर आता ‘सेन्सर्स’ टाइप केलं की टीकंट्रोल आणि टीसीसीडी१ (कोअर असलेल्या चिपच्या तुकड्याचं तापमान), एवढंच येतं. ‘सेन्सर्स३.कॉन्फ’मध्ये ०.७ चा गुणाकार अजून तसाच आहे, वर ‘भिंतीच्या मीटरवरून, जून २०२०’ अशी कमेंट. गुणायला समोर आकडाच नाही, तेव्हा ती ओळ कोणी वाचत नाही. मीही काढलेली नाही.